डर्वेंटच्या खोऱ्यातील गावे

इंग्लंडात डर्वेंट नावाच्या चार नद्या आहेत. त्यांपैकी डर्बीशायर परगण्यातून दक्षिणेकडे वाहत जाणारी डर्वेंट हा आमच्या लेखाचा विषय आहे. ब्लीकलो नावाच्या उंच, दलदलीच्या माळावर ती उगम पावते. बॅमफर्ड, हॅदरसेज, ग्रिंडलफर्ड, मॅटलॉक, क्रॉमफर्ड ही गावे मागे टाकीत ती डर्बी शहरात शिरते आणि पुढे ट्रेंट नदीस जाऊन मिळते. लांबी सारी मिळून सुमारे ८० किलोमीटर, म्हणजे आपल्या वैतरणेहूनही ती लहान. काठची गावेही लहानच. दगडी घरे, दगडी कुंपणे, मेंढ्यांची कुरणे आणि मधोमध चर्चचे निमुळते शिखर.

पाठ्यपुस्तकांत हे खोरे येते ते क्रॉमफर्डच्या गिरणीमुळे. १७७१ साली रिचर्ड आर्कराइटने तेथे पाण्याच्या जोरावर सूत कातण्याचा कारखाना उभारला, आणि जगातल्या साऱ्या कापड गिरण्यांची वंशावळ तेथवर नेता येते. मुंबईच्या गिरणगावात ज्यांच्या वडिलांनी तीन पाळ्यांत आयुष्य काढले, त्यांनी या मूळपुरुषाची ओळख ठेवावी इतकेच सांगून आम्ही पुढे जातो. आम्हांस बोलायचे आहे ते या खोऱ्याने सोसलेल्या दोन घावांविषयी. एकदा कायद्याने त्याचा धर्म हिरावून घेतला, एकदा पाण्याने त्याची गावे गिळली. दोन्ही वेळी राजदप्तरात निकाल तेवढा नोंदला गेला. बाकीचे जे उरले, ते गावकऱ्यांनी हातांनी राखले आणि लहान मुलांनी कानांनी.

या दूरच्या खोऱ्याशी मराठी ख्रिस्ती वाचकाचे नाते काय, असे कोणी विचारील. नाते आहे, आणि ते आपल्या वाङ्मयाच्या मुळाशीच आहे. ‘ख्रिस्तपुराण’कार फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज. १५४९ च्या सुमारास विल्टशायरमध्ये त्यांचा जन्म झाला. मायदेशी कॅथॉलिक म्हणून जगणे अशक्य झाले तेव्हा ते रोमला गेले, १५७५ साली येशूसंघात दाखल झाले आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यास उतरले. १६१६ साली त्यांचे पुराण छापून निघाले. ज्या कायद्यांमुळे हा तरुण देश सोडून आपल्याकडे आला, त्याच कायद्यांनी त्याच्याच वयाच्या आसपासच्या दुसऱ्या तरुणांना डर्वेंटच्या काठी मृत्यूच्या दारात उभे केले. स्टीफन्स साष्टीत आपली भाषा शिकत होते, त्या वर्षांत तिकडे काय चालले होते, हे आपण जाणून घ्यावयास हवे.

१५५९ साली एलिझाबेथ राणीच्या संसदेने दोन कायदे केले. एकाने राणी ही इंग्लंडच्या ख्रिस्तसभेची सर्वोच्च अधिकारी ठरली, दुसऱ्याने नवी प्रार्थनाविधी सक्तीची झाली. रविवारी सरकारी चर्चमध्ये न जाणाऱ्यास १२ पेन्स दंड होता. १५८१ साली तोच दंड महिन्याला २० पौंड झाला. चांगल्या खात्यापित्या शेतकऱ्यासही देशोधडीस लावील अशी ही रक्कम. १५८५ च्या कायद्याने त्याहून पुढची मजल गाठली. परदेशी दीक्षा घेतलेला इंग्रज धर्मगुरू देशात नुसता सापडला तरी तो राजद्रोही, आणि त्याला घरात आसरा देणाराही फाशीस पात्र.

आता टाइड्सवेल या गावाकडे वळू. हे गाव डर्वेंटच्या पश्चिमेस पठारावर वसले आहे. तेथील संत योहान बाप्तिस्ता याच्या नावाचे चर्च चौदाव्या शतकातले असून इतके भव्य आहे की त्या डोंगराळ मुलखाचे कथीड्रल म्हणूनच ते ओळखले जाते. याच गावचे सुपुत्र रॉबर्ट पर्सग्लोव हे हलचे साहाय्यक बिशप होते. राणीला धर्मप्रमुख मानण्याची शपथ घेण्यास त्यांनी नकार दिला, तेव्हा त्यांची पदे काढून घेण्यात आली. म्हातारपणी ते गावी परतले. तत्पूर्वी, १५६० च्या सुमारास, त्यांनी गावातील मुलांसाठी एक शाळा स्थापिली होती. १५७९ साली त्यांचे निधन झाले, आणि त्याच चर्चमध्ये त्यांच्या थडग्यावर पितळी पत्रा बसविण्यात आला. त्या पत्र्यावर बिशप मिस्साविधीच्या संपूर्ण पोशाखात कोरलेले आहेत. तो पोशाख घालून मिस्सा करणे त्या काळी गुन्हा होता. धातूत कोरलेल्या पोशाखावर मात्र कोणाचा कायदा चालला नाही. पत्रा आजही तेथे आहे.

पर्सग्लोव यांच्या शाळेत निकोलस गार्लिक नावाचा तरुण शिक्षक होता. जन्म १५५५ च्या सुमारास, जवळच्याच डिंटिंग येथला. सुमारे सात वर्षे त्याने मुलांना शिकविले आणि मग फ्रान्समधील ऱ्हांस येथे जाऊन १५८२ साली गुरुदीक्षा घेतली. त्याच्या विद्यार्थ्यांपैकी काहीजण त्याच वाटेने गेले. त्यांतील ख्रिस्तोफर बक्स्टन यास १५८८ च्या ऑक्टोबरात कँटरबरी येथे मृत्युदंड झाला. आडगावच्या एका शाळेच्या बाकावरून गुरू आणि शिष्य दोघेही रक्तसाक्षी व्हावेत, ही गोष्ट आम्हांस कोणत्याही राजवंशाच्या इतिहासापेक्षा मोठी वाटते.

फादर गार्लिक यांना १५८५ साली पकडून हद्दपार करण्यात आले होते. परतलात तर मरण, हे त्यांना ठाऊक होते. ते परतले. डर्वेंटच्या काठी, ग्रिंडलफर्डजवळ पॅडली येथे फिट्झहर्बर्ट या कॅथॉलिक घराण्याचा वाडा होता. वाड्याच्या देवडीवर, वरच्या मजल्यावर, छोटे प्रार्थनामंदिर होते. आजूबाजूच्या वाड्यापाड्यांतली माणसे तेथे अंधारात मिस्सेसाठी येत. १२ जुलै १५८८ रोजी श्रूसबरीच्या अर्लच्या माणसांनी वाड्यावर धाड घातली. स्पेनचे आरमार इंग्लंडवर चालून येत असल्याच्या बातमीने सारा देश बिथरलेला होता. शोध होता घरमालक जॉन फिट्झहर्बर्ट यांचा. त्यांच्याबरोबर हाती लागले दोन धर्मगुरू, फादर गार्लिक आणि फादर रॉबर्ट लडलम.

दोघांना डर्बीच्या तुरुंगात नेले. तेथे फादर रिचर्ड सिम्पसन आधीपासूनच बंदिवान होते. त्यांना शिक्षा झाली होती. परंतु सरकारी उपासनेस जाण्याची तयारी दाखविल्यामुळे ती पुढे ढकलली गेली होती. मृत्यूच्या भीतीने डळमळलेल्या या माणसाला नव्याने आलेल्या दोघांनी दूषणे दिली नाहीत, धीर दिला. सिम्पसन पुन्हा आपल्या श्रद्धेवर उभे राहिले. २४ जुलै १५८८ रोजी डर्बीच्या सेंट मेरी पुलापाशी तिघांनाही फाशी देऊन त्यांच्या देहांचे तुकडे करण्यात आले. परंपरा सांगते की शिडीशी सिम्पसन यांचे पाऊल क्षणभर अडखळले. ते पाहून गार्लिक पुढे झाले, शिडीचे चुंबन घेतले आणि आधी चढले. देहाचे तुकडे पुलावर टांगले होते. रात्री कोणीतरी ते काढून नेले. गार्लिक यांचे शिर टाइड्सवेलच्या चर्चच्या आवारात पुरले आहे, असे त्या भागात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. तुकडे नेणाऱ्यांची नावे उरली नाहीत, आणि त्यांच्या घरच्या मुलांनी ती ओठांबाहेर काढली नसतील हे आपण समजू शकतो.

जॉन फिट्झहर्बर्ट १५९० साली लंडनच्या फ्लीट तुरुंगात वारले. त्यांचे वडील बंधू सर थॉमस १५९१ साली टॉवरमध्ये वारले. फितुरी घरातल्याच एका तरुण वारसाने केली होती, जमिनीचा लोभ. हे आपल्याकडच्या वाचकांस फारसे समजावून सांगावे लागणार नाही.

वाडा ढासळला. देवडी तेवढी उभी राहिली आणि शेतकऱ्याचा गोठा झाली. प्रार्थनामंदिराच्या छताच्या तुळयांवर लाकडात कोरलेले देवदूत होते. खाली गुरे रवंथ करीत आणि वर देवदूत पंख मिटून बसलेले, अशी कित्येक वर्षे गेली. बेथलेहेमची आठवण येथे कोणास झाल्यावाचून राहणार नाही. १८९४ साली खोऱ्यातून प्रवासी रेल्वे धावू लागली आणि १८९८ साली कॅथॉलिक यात्रेकरूंची पहिली यात्रा पॅडलीस आली. पुढे धर्मप्रांताने ती वास्तू विकत घेतली, आणि १९३३ च्या जुलैत तेथे पुन्हा मिस्सा सुरू झाली. २२ नोव्हेंबर १९८७ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी गार्लिक, लडलम आणि सिम्पसन यांना इतर ८२ जणांसमवेत धन्यवादित घोषित केले. यात्रा आजही दर जुलैमध्ये भरते. वाड्याच्या जोत्याचे दगड गवतात उघडे ठेवले आहेत.

मधल्या गावांविषयी दोन शब्द. हॅदरसेजच्या परिसरात आयर हे जुने घराणे होते आणि त्याच्या अनेक शाखांनी दंड भरभरून कॅथॉलिक श्रद्धा जपली. १८४५ साली शार्लट ब्राँटी मैत्रिणीकडे पाहुणी म्हणून तेथे राहिली. चर्चमध्ये तिने आयर घराण्याची स्मारके पाहिली, आणि दोन वर्षांनी आलेल्या ‘जेन आयर’ या कादंबरीने ते आडनाव जगभर नेले. दंड भरणाऱ्या त्या आयर मंडळींची आठवण कादंबरीच्या वाचकांपैकी किती जणांस असते, कोण जाणे.

नदीने आणखी खाली, क्रॉमफर्डजवळ, कॅसल टॉप नावाची एक शेतवाडी आहे. १८८४ साली तेथे ॲलिसन अटली या लेखिकेचा जन्म झाला. शेतकऱ्याची मुलगी. लीच्या शाळेत ती रोज रानातून चालत जाई, आणि हिवाळ्यात परतेपर्यंत काळोख पडे. पुढे तिने मँचेस्टर विद्यापीठात पदार्थविज्ञानाची पदवी घेतली. त्या काळी स्त्रीने हा विषय घेणे हेच अप्रूप. १९३० साली पतीचा मृत्यू झाला, आणि लेखणीवर तिने आपले आणि मुलाचे पोट भरले. १९३१ साली आलेल्या ‘द कंट्री चाइल्ड’मध्ये तिने आपले बालपण मांडले आहे. नायिकेचे नाव निराळे, परंतु वाडी तीच, अंधाऱ्या रानाची वाट तीच, नाताळची तयारीही तीच. झाडांना डोळे आहेत असे वाटून जीव मुठीत धरून धावणारी ती पोर वसईच्या वाडीत संध्याकाळी केळीच्या बागेतून एकट्याने घरी आलेल्या कोणासही अनोळखी वाटणार नाही.

कॅसल टॉपपासून जवळच डेथिक आहे: एक छोटे चर्च आणि दोन-तीन वाड्या. हे बॅबिंग्टन घराण्याचे ठिकाण. कॅथॉलिक असलेली स्कॉट राणी मेरी ही एलिझाबेथच्या कैदेत होती, आणि काही काळ तिला डेथिकपासून काही मैलांवरच्या विंगफिल्ड गढीत ठेवले होते. तरुण अँथनी बॅबिंग्टनने तिच्या सुटकेसाठी आणि एलिझाबेथच्या वधासाठी कट केला. कट फुटला. २० सप्टेंबर १५८६ रोजी त्याला ठार करण्यात आले, तेव्हा तो पंचविशीही गाठलेला नव्हता. पुढच्या फेब्रुवारीत मेरीचाही शिरच्छेद झाला. बॅबिंग्टनला आम्ही रक्तसाक्षी मानीत नाही. हत्येचा कट तो हत्येचा कटच, कारण कितीही जवळचे असो. शस्त्रावाचून मेलेले पॅडलीचे धर्मगुरू आणि तो यांना एका ओळीत बसविणे हा त्या धर्मगुरूंवर अन्याय होईल. राजसत्तेने मात्र नेमके तेच केले, आणि बॅबिंग्टनच्या कटाने तिला तसे करण्यास निमित्त पुरविले.

तरीही डेथिकची ही गोष्ट तीनशे वर्षे जिवंत राहिली. मेरीला सोडविण्यासाठी बॅबिंग्टनने डेथिकहून विंगफिल्डपर्यंत भुयार खणावयास घेतले होते, ही आख्यायिका अटलीने लहानपणी घरच्यांच्या तोंडून ऐकली. १९३९ साली तिने त्यावर ‘अ ट्रॅव्हलर इन टाइम’ ही मुलांसाठी कादंबरी लिहिली. आजारी मुलगी जुन्या वाडीवर हवापालटास येते, एक दार उघडते आणि बॅबिंग्टनांच्या काळात पोहोचते. पुढे काय होणार हे तिला ठाऊक आहे, पण ती काही बदलू शकत नाही. अटली स्वतः कॅथॉलिक नव्हती. एका चिरडल्या गेलेल्या कॅथॉलिक घराची आठवण प्रॉटेस्टंट शेतकऱ्यांनी चुलीपाशी सांगितली, एका मुलीने ती ऐकली, आणि पन्नाशी उलटल्यावर ती लिहून काढली. इतिहास असाही टिकतो.

आता पुन्हा नदीच्या उगमाकडे, दुसऱ्या घावाकडे. खोऱ्याच्या वरच्या टोकास मध्ययुगात वेल्बेक मठाच्या, पांढरा झगा घालणाऱ्या व्रतस्थांच्या जमिनी होत्या. आठव्या हेन्रीने मठ बुडविले, व्रतस्थ गेले, काही जागांच्या नावांत मात्र मठ तसाच राहिला. त्या भागात डर्वेंट आणि ॲशॉप्टन ही दोन गावे होती. डर्वेंटमध्ये १६७२ सालचा एक देखणा वाडा होता. एकोणिसाव्या शतकात तो नॉरफोकच्या ड्यूककडे, म्हणजे इंग्लंडातील प्रमुख कॅथॉलिक घराण्याकडे आला. याच घराण्यातील एडमंड फिट्झॲलन यांनी सरदारकीची पदवी घेताना तीत या गावाचे नाव गुंफले. १९२१ साली ते आयर्लंडचे शेवटचे राजप्रतिनिधी झाले. दुसऱ्या जेम्सच्या काळानंतर त्या पदावर बसलेले ते पहिले कॅथॉलिक.

१८९९ साली डर्बी, नॉटिंगहॅम, लेस्टर आणि शेफिल्ड या चार शहरांना पाणी देण्यासाठी मंडळ स्थापन झाले. प्रथम हाउडन आणि डर्वेंट ही दोन दगडी धरणे बांधली गेली. १९१६ साली ती पुरी झाली. त्यांसाठी दहा लाखांहून अधिक टन दगड आणला तो पॅडलीच्याच डोक्यावरील बोलहिल खाणीतून. मजुरांसाठी बर्चिनली येथे पत्र्याच्या घरांचे एक गावच उभारले होते; लोक त्यास ‘पत्र्याचे शहर’ म्हणत. शाळा, दवाखाना, न्हाणीघर, करमणुकीची खोली, सारे पत्र्याचे. शेकडो मुलांचे बालपण तेथे गेले, आणि काम संपताच पत्रे विकून गाव मोडण्यात आले. जन्मगाव नुसते मोडले गेले असे नव्हे, तर उचलून नेले गेले, अशी ही मुले.

एवढ्याने शहरांची तहान भागली नाही. १९३५ साली लेडीबॉवर धरणाचे काम सुरू झाले, आणि या वेळी डर्वेंट व ॲशॉप्टन पाण्याखाली जाणार होते. गावकऱ्यांना खाली यॉर्कशायर ब्रिज येथे नवी घरे बांधून दिली. ॲशॉप्टनच्या मेथडिस्ट प्रार्थनामंदिरात १९३९ च्या सप्टेंबरात शेवटची उपासना झाली, म्हणजे महायुद्ध पेटले त्याच महिन्यात. डर्वेंटच्या चर्चमध्ये ती १७ मार्च १९४३ रोजी झाली. त्याच वसंतात जर्मनीची धरणे फोडण्यास निघणारी विमाने वरच्या डर्वेंट धरणावर अगदी खालून उडून सराव करीत होती. एकीकडे धरणाचे पाणी चढत होते, दुसरीकडे धरण फोडण्याची तालीम चालली होती.

शहरांना पाणी नको होते काय? हवेच होते, ते पिणारे बहुतेक गिरण्यांत राबणारे गरीबच होते. मुंबईत नळ उघडणाऱ्या आम्हांला डर्वेंटसाठी नुसते अश्रू ढाळण्याचा अधिकार नाही, कारण तानसा आणि वैतरणेच्या तळाशीही कोणाची तरी जमीन आहे. मुळशीच्या मावळ्यांनी १९२१ साली सेनापती बापटांसह सत्याग्रह केला. डर्वेंटकरांनी तो केला नाही. ते बहुतेक कुळे होते, युद्ध चालू होते, आणि त्यांनी सामान बांधले.

जाताना त्यांनी काय काय नेले, ते मात्र पाहण्याजोगे आहे. चर्चच्या आवारातील मृतांचे अवशेष उकरून बॅमफर्डच्या चर्चच्या आवारात पुन्हा पुरले. घंटा डर्बीजवळच्या चॅडेस्डेन येथील संत फिलिपच्या चर्चमध्ये गेली. वसईच्या घंटा १७३९ नंतर नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आणि भीमाशंकरी गेल्या. त्या जिंकून नेलेल्या, ही सोपवून दिलेली. पण घंटा गावाविना वाजू शकते हे दोन्हीकडे खरे. चर्चचे शिखर आठवण म्हणून उभे ठेवले होते. १९४५ च्या २५ सप्टेंबरला सहाव्या जॉर्ज राजाने धरणाचे उद्घाटन केले तेव्हा ते पाण्यातून वर डोकावत होते. माणसे पोहत तेथवर जाऊ लागली, म्हणून १९४७ च्या डिसेंबरात ते सुरुंग लावून पाडले.

१९७६, १९९५, २०१८, २०२२ या दुष्काळी वर्षांत पाणी ओसरले आणि डर्वेंटच्या भिंतींची जोती, उंबरे, वाड्याच्या पायाचे दगड उघडे पडले. तडकलेल्या चिखलावर हजारो माणसे चालत आली. शिखर कोठे आहे, असे पुष्कळजण विचारतात. पाण्याखाली घंटा वाजतात अशी दंतकथाही आहे. घंटा चॅडेस्डेनला आहे हे सांगून कोणाचे समाधान होत नाही.

डर्वेंट गावात एक दगडी पूल होता, सतराव्या शतकातला, इतका अरुंद की लादलेली तट्टे एकामागून एकच जावीत. गाव बुडण्याआधी त्याच्या प्रत्येक दगडावर क्रमांक घालून तो उतरविण्यात आला आणि दगड रचून ठेवले गेले. १९५९ साली खोऱ्याच्या अगदी वरच्या टोकास, हाउडन तलावाच्याही पलीकडे, स्लिपरी स्टोन्स या जागी ते पुन्हा जसेच्या तसे जुळविले. तेथे जवळपास वस्ती नाही. डर्वेंट अजून लहान ओढ्याएवढी आहे, आणि पुलावरून मेंढ्या व डोंगर चढणारी माणसे पलीकडे जातात.